यात्रेच्या पंगतीतलं तमिळ

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला संवादकौशल्याचा एक तास असतो. सांगलीतल्या आमच्या कॉलेजात हा तास दुपारच्या डब्यानंतर येतो, त्यामुळे निम्मा वर्ग डुलक्या काढत असतो. पण मॅडमनी विषय दिला आणि सगळे जागे झाले. विषय होता, माझा जागतिक दृष्टिकोन. प्रत्येकानं उठून पाच मिनिटं बोलायचं. इंग्रजीत बोलायचं, अडलं तर मराठी चालेल.

एकाचा चुलतभाऊ अमेरिकेत होता, तो तिथल्या रस्त्यांबद्दल बोलला. एकजण बारावीच्या सुट्टीत दुबईला जाऊन आला होता. एक मुलगी मोबाईलवरून जपानी शिकत होती, तिनं दोन वाक्यं म्हणूनही दाखवली. माझी पाळी आली तेव्हा मी उठलो, बाकाची कड धरली आणि म्हणालो, "मॅडम, मी कुठं गेलेलो नाही." आणि खाली बसलो. वर्गात मी वयानं सगळ्यांत मोठा. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "दादा, निदान सातारा तरी बघून या!" हशा झाला. मॅडम म्हणाल्या, सुट्टीनंतर पुन्हा संधी देते.

खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलंच नाही. गावापासून रात्रभर आणि वर दिवसभर रेल्वेनं जावं लागेल इतक्या लांब मी काही वर्षं राहून आलो होतो, पण ते 'गेलो होतो' यात धरायचं असतं हे माझ्या डोक्यात नव्हतं. ते पोटासाठी जाणं होतं. जगात जाणं म्हणजे विमानानं जाणं, असंच मी धरून चाललो होतो.

आमचं गाव विट्याच्या पलीकडं, कोरड्या भागात. आजोबा मेंढरं राखायचे, वडील थोडी शेती करतात. शाळा मी नववीत सोडली. शिकायची ऐपत नव्हती असं सांगितलं तर ऐकणाऱ्याला बरं वाटतं, पण खरं कारण साधं आहे. माझ्या वयाची निम्मी मुलं गलाईला गेली होती आणि यात्रेला येताना नवे बूट घालून येत होती. गलाई म्हणजे सोनं गाळायचं काम. सोनार जुनं, मिसळीचं सोनं आणून देतात. आम्ही ते वितळवायचं, तेजाबात शिजवायचं, चोख करून परत द्यायचं. आमच्या भागातली माणसं या कामासाठी देशभर पांगलेली आहेत. माझ्या मामाचं दुकान तमिळनाडूतल्या एका गावात, सोनारांच्या गल्लीत होतं. मी मामाकडं गेलो.

पहिले काही महिने मी रोज रडायचो, पण भट्टीपाशी, म्हणजे धुरानं डोळ्यांत पाणी आलंय असं सांगता यायचं. मामाला कळत होतं.  जेवताना तो माझ्या ताटात जास्तीचा पापड टाकायचा. भाषा मी निरोप पोचवता पोचवता शिकलो. या सोनाराकडून त्या सोनाराकडं, "उद्या देतो", "वजन करून घ्या", "आज जमणार नाही". हे शेवटचं मामानं मुद्दाम शिकवलं. संकोचानं मी सगळ्यांनाच हो म्हणायचो आणि कामाचा ढीग लागायचा. मामा म्हणाला, "न्हाई म्हणायला शिक गड्या, नायतर ह्या बाजारात तुजं काय खरं न्हाई." आणि गल्लीत उभं करून, सोनारासमोर, माझ्याकडून तमिळमधून नाही म्हणवून घेतलं. सोनार हसला. मी घामाघूम झालो.

चोखाईचे हिशेब मी तोंडी करायचो, ते बघून मामाच एके दिवशी म्हणाला, दहावी दे. बाहेरून फॉर्म भरला. दुकानाच्या वरच्या माळ्यावर अभ्यास केला. बारावीसाठी त्यानं मला विट्याला परत पाठवलं, म्हणजे दुकानातला एक चालता हात स्वतःहून कमी केला. त्याचे माझ्यावर उपकार आहेत असं म्हटलं की फार कोरडं वाटतं. मी आज जिथं बसून हे लिहितोय ती खुर्ची त्यानं ओढून दिलीय, असं म्हणू.

कॉलेजात मी सुरुवातीपासूनच बिचकत असायचो. वर्कशॉपच्या पहिल्याच तासाला फजिती झाली. लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून चौकोनी करायचा होता. सगळ्यांनी घासला, हात झटकले, फुंकर मारली. मी मात्र खाली वर्तमानपत्राचा कागद अंथरला होता. कीस सगळा कागदावर घेतला, हात त्यावरच झटकले, नखातलंही काढलं, आणि कागदाची पुडी बांधून सरांच्या टेबलावर ठेवली. गलाईच्या दुकानात झाडलेला कचरासुद्धा टाकत नाहीत, हात धुतलेलं पाणी पिंपात साठवतात, कारण त्यात सोन्याचा कण असतो. हाताला वळणच ते पडलेलं.

सरांनी पुडी उघडून बघितली. "हे काय?"

"सर, कीस."

"मग? भेळ करायची का याची?"

त्या दिवसापासून हॉस्टेलवर माझं नाव 'भेळ' पडलं.

सुट्टी जवळ आली तसा मामाचा फोन आला. "यात्रंला येतूयास न्हवं? ये. बोलायचंय." एवढंच. मामा फोनवर कधी 'बोलायचंय' म्हणत नाही, जे असेल ते बोलून मोकळा होतो. मी आईला फोन केला.

आई म्हणाली, "त्येचा कामाचा गडी सोडून गेला. सवताचं दुकान टाकलंय म्हनं दुसऱ्या गावात. आन् तुज्या मामाचा खोकला लय वाढलाय. डाक्टर म्हनलाय धुरात उभं ऱ्हाऊ नगा."

"मग?"

"मग काय मला इच्यारतूयास. त्यो काय म्हनंल ते आईक. न्हाई म्हनू नगंस बाबा त्येला."

मला कळायचं ते कळलं. मामा मला परत बोलावणार होता. वर्षभर, दोन वर्षं, खोकला बरा होईपर्यंत. कॉलेज कुठं पळून जातंय, असं सगळे म्हणणार. पण मला माहीत होतं, मी एकदा शाळा सोडलेला माणूस आहे. सोडणं किती सोपं असतं आणि परत येऊन बसणं किती अवघड असतं, हे त्या वर्गात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. यावेळी गेलो तर मी परत येणार नव्हतो. आणि मामाला नाही म्हणायची माझ्यात ताकद नव्हती. तरी सांगलीहून विट्याच्या एसटीत बसलो.

यात्रेला आमचं गाव ओळखू येत नाही. एरवी म्हातारी माणसं आणि कुत्री, एवढंच गावात असतं. यात्रेला गलाईवाले झाडून सगळे परत येतात. देवळामागच्या मोकळ्या रानात गाड्या लागतात, आणि त्यांच्या नंबरपाट्या बघत मी दरवर्षी हिंडतो. केरळ, बंगाल, पंजाब, आसाम. एक नेपाळची पाटीसुद्धा होती, तिच्याभोवती मुलं गोळा झालेली. पाण्याच्या टँकरपाशी एक पोरगी भावाला बंगालीत शिव्या देत होती आणि तिची आजी माणदेशी मराठीत म्हणत होती, "आगं ए बये, कळंल असं बोल की!" एकजण पंजाबीत फोनवर गिऱ्हाइकाची समजूत काढत होता आणि त्याच वेळी डाव्या हातानं बोकडाची दोरी धरून होता.

हे सगळं मी लहानपणापासून बघत आलोय. पण त्या वर्षी मला वर्गातला तो बाक आठवला. मी कुठं गेलेलो नाही, असं मी म्हणालो होतो. ज्या गावच्या माणसांच्या तोंडात निम्म्या देशाच्या भाषा आहेत, त्या गावचा मी.

मामा भेटला, पण दिवसभर मुद्द्याचं काही बोलला नाही. पाया पडलो तर पाठीवर हात ठेवला, "वाळलास की रं," म्हणाला, आणि खोकायला लागला. खोकला वाईट होता. माणूस आतून घासला जातोय असा आवाज. पालखी झाली, पुरणाचा नैवेद्य झाला, दुसऱ्या दिवशी मटणाची जेवणं सुरू झाली. तरी मामा बोलेना. मी त्याच्या मागं मागं, आणि तो काहीतरी काम काढून पुढं पुढं. शेवटी आमच्या अंगणातल्या मांडवात पंगत बसली तेव्हा त्यानं मला हात करून शेजारी बसवलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. तिकडं दुकानात गिऱ्हाईक समोर असताना मामा आणि मी मराठीत बोलायचो, कारण त्यांना कळायचं नाही. "ह्याला जास्त चा पाजू नगंस, हलायचा न्हाई," असलं. गावी आलो की याच्या उलट. पाहुण्यारावळ्यांत काही खाजगी बोलायचं झालं की आम्ही तमिळमध्ये घुसायचो. आमच्या गावातली माणसं बहुतेक केरळ आणि बंगालकडं, तमिळनाडूत मामाचं एकट्याचंच दुकान. त्यामुळे ती भाषा म्हणजे आमची कुलूपबंद खोली होती.

भाकरी वाढून झाली. रस्सा वाढून झाला. आई समोरच उभी राहून कांदा-लिंबू वाढत होती. मामानं भाकरी कुस्करली, रश्श्यात बोटं बुडवली आणि खाली बघतच, जेवणाबद्दल काही म्हणावं इतक्या हळू, म्हणाला, "तिरुंबि वरियाडा?"

परत येतोस का रे?

मला वाटलं होतं तो समजावेल, कारणं देईल, आणि मी गप्प बसून मान हलवीन. पण त्यानं फक्त विचारलं. आणि त्या भाषेत विचारलं म्हणून माझ्या आत काहीतरी वेगळंच झालं. मराठीत मामा म्हणजे आईचा भाऊ, घरातला थोरला शब्द. मराठीत मी त्याला जन्मात कधी नाही म्हटलेलं नव्हतं. पण तमिळमध्ये मी त्याच्या शेजारी भट्टीवर उभा राहिलेला माणूस होतो. तमिळमध्ये नाही म्हणायला मला खुद्द त्यानंच शिकवलं होतं, गल्लीत उभं करून.

"वरमाट्टेन मामा," मी म्हणालो. नाही येणार.

 ताटातलं काही दिसेना. मामाचा हात थांबला होता. आई लिंबाची फोड माझ्या ताटात टाकून पुढं गेली, तिला काहीच कळलं नव्हतं.

आणि मागून, आमच्या पाठीला पाठ लावून बसलेल्या दुसऱ्या पंगतीतून, घासभरल्या तोंडानं एक आवाज आला. "पडिक्कट्टुम, विडुडा."

शिकू दे, सोड रे.

आम्ही दोघांनी एकदमच माना वळवल्या. मागं आप्पा बसले होते. गावातले सगळ्यांत म्हातारे गलाईवाले. मामाच्याही आधी तमिळनाडूत त्यांचं दुकान होतं. मामा पोरवयात काम शिकला ते त्यांच्याच हाताखाली. आता कित्येक वर्षं ते गावात शेळ्या राखतात, डोक्याला पटका, हातात काठी, आणि त्यांना बघून कुणालाही आठवत नाही की हा माणूस कधी परगावी होता. मामालाही आठवलं नव्हतं. जी भाषा त्यांच्याकडून शिकला तिच्यातच तो त्यांच्या पाठीमागं गुपित बोलत होता.

"आप्पा, तुमी कवा बसला हितं?" मामानं विचारलं.

"मटनाची नळी फोडल्याचा आवाज आला, म्हनून सरकलो हिकडं. वाढा म्हनावं."

मग पलीकडून एकजण म्हणाला, "मामा, आमी केरळात हाय. त्यो भाचा काय म्हनला ते आमाला बी कळलं. तिकडं बी जवळपास असंच बोलत्यात." दुसरा म्हणाला, "आता त्येनं भर पंगतीत न्हाई म्हटलंय, जेवू द्या की गरिबाला." पंगत हसायला लागली. आईच्या हातात लिंबाचं ताट तसंच. ती एकेकाच्या तोंडाकडं बघत होती.

"काय म्हनला त्यो? आवं आप्पा, काय झालं?"

 शेवटी मामाच म्हणाला, "काय न्हाई गं आक्का. त्येची परीक्षा हाय म्हनतोय. रस्सा आन जरा."

जेवणं झाल्यावर टाकीपाशी मी त्याच्या हातावर पाणी ओतलं.  मी म्हणालो, "मामा, चुकलं का माझं?"

त्यानं हात निरखून धुतले, बोटाबोटांमधून. मग म्हणाला, "व्हय म्हनला असतास तर घिऊन गेलो असतो गड्या. खोटं कशाला बोलू? सकाळीच गाडीत घातला असता. आन् तिथं गेल्यावर तुज्या तोंडाकडं बघून मला रोज घास गेला नसता." थोडा वेळ खोकला. "मामीनं सांगितलंतं, इच्यारू नगा त्येला. मी म्हनलं, इच्यारतो, न्हाई म्हनला तर बरं. दोन दिवस त्वांड उघडत नव्हतं."

"मग दुकानाचं?"

"बघू. चालवतूयच की."

दोन दिवस मी त्याच्या मागं हिंडत होतो आणि तो पळत होता. तोही घाबरलेला होता, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मामा, धूर बाहेर काढायची काहीतरी सोय करायला पाहिजे. भट्टीच्या वर झाकण आणि पंखा."

मामा हसला. "ड्रॉइंगच्या पेपरात नापास झालायस म्हनं तू. आक्का सांगत हुती."

"ते वेगळं मामा."

"असंल बाबा."

सुट्टीनंतर मॅडमनी खरंच मला पुन्हा उभं केलं. मी नंबरपाट्यांबद्दल बोललो, आप्पांबद्दल बोललो. इंग्रजी तुटत होतं, मग मराठीत शिरलो, पण पाच मिनिटं पुरली नाहीत. दुबईला जाऊन आलेल्यानं विचारलं, "पण दादा, हे सगळं देशातल्या देशातच झालं ना? जागतिक कसं?" खरं तर त्याचं बरोबरही होतं. नेपाळची पाटी सांगितली तर सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, विचार करत राहा. मी करत राहिलो.

मग पावसाळ्याच्या आधी एका संध्याकाळी मामाचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा नाही, नुसती एक भिंत आणि त्यात बसवलेला मोठा पंखा. "बसवला बघ," मामाचा आवाज. "त्वा म्हनलावतास तसा. पत्र्याचं झाकान बी केलंय. पन धूर जाईना, उलट जास्तच कोंडतोय."

मी म्हणालो, पंख्यापाशी एक कागद धरा. मामानं कागद धरला. कागद पंख्याला चिकटायला हवा होता; तो भिरभिरत उडून आत आला. पंखा बाहेरची हवा आत फेकत होता. फिरायची दिशा उलटी जोडली गेली होती. बसवणारा इलेक्ट्रिशियन तिथंच होता. मामानं फोन त्याच्या हातात दिला, आणि मी सांगलीतल्या हॉस्टेलच्या जिन्यात उभा राहून त्याला तमिळमध्ये वायरिंग सांगायला लागलो. मोटरच्या भागांची तमिळ नावं मला येत नव्हती, इंग्रजी नावं त्याला येत नव्हती. "ती निळी वायर," "तिच्या शेजारची," असं करत करत जमलं. जिन्यातून वर-खाली जाणारी मुलं थांबून ऐकायला लागली. एकजण म्हणाला, "भेळ, तू कोणत्या देशाशी बोलतोयस?"

पंखा सुरू झाला. कागद चिकटला. भट्टीवरचा पिवळट धूर वाकला आणि भिंतीतून बाहेर गेला. मामा खोकला नाही, किंवा मला ऐकू आला नाही. मला एवढा आनंद झाला की मी जिन्यातच खाली बसलो.

मामा पुन्हा फोनवर आला. खूष होता, पण आवाजात काहीतरी होतं. "गड्या, एक इच्यारू का?"

"बोला की मामा."

"ह्यो धूर बाहीर गेला. पन बाहीर म्हंजी मागच्या बोळात. तिथं एक बाई सांच्याला इडल्यांचा गाडा लावती. आता तिला खोकला व्हईल त्येचं काय?"

 माझ्या झाकणाची आणि पंख्याची हद्द त्या भिंतीशी संपत होती. भिंतीपलीकडं कोण आहे, हे मी विचारलंच नव्हतं. धूर पाण्यातून नेऊन धुता येतो असं कुठंतरी वाचलं होतं, पण कसं, ते माहीत नव्हतं.

"मामा, मला अजून येत नाही ते," मी म्हणालो. "विचारतो सरांना. शोधतो."

"शोध. घाई न्हाई." मग फोन तोंडापासून लांब नेऊन मामानं खिडकीतून कुणालातरी तमिळमध्ये हाक मारली, मला सगळं ऐकू आलं. अक्का, तुमच्या इडल्या संपल्या की मला सांगत जा, मी भट्टी त्याच्यानंतर लावीन. माझा भाचा काहीतरी करतोय, तोवर.